निर्दोष सुटल्यावर खर्च कोणाच्या माथी?

(दृश्य: इंदूर, एम. जी. रोड. कोर्टाबाहेरची सकाळची गर्दी, काळे कोट, फायली.)

निवेदन :
एका पेशीला, म्हणजे कोर्टाच्या एका तारखेला, किती खर्च येतो, हे इथल्या वकिलांच्या कुठल्याही मुन्शीला विचारा. वकिलाची फी, नकला, टायपिंग, बुडालेली रोजी. रामबागेत राहणारा एखादा मराठी कारकून खोट्या गुन्ह्यात अडकला, असं धरून चला. सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाल्याचंच मानलं जातं. मग वर्षानुवर्षं पेश्या, आणि एक दिवस निकाल येतो : निर्दोष.

घरी पेढे येतात. झालेल्या खर्चाचं काय? तो ज्याचा त्याने सोसायचा. दिवाणी दाव्यात हरलेल्यावर समोरच्याचा खर्च बसवता येतो. फौजदारी खटला सरकार हरलं, तर तसा सरसकट नियमच नाही.

संशयाचा फायदा मिळून सुटलेल्या प्रत्येकाला तिजोरीतून पैसे द्या, असं कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे तो पोलिसांनी जाणूनबुजून रचलेल्या खटल्यांचा.

(दृश्य: वकिलांच्या टेबलांची रांग.)

अशा माणसाला दिवाणी दावा लावता येतो. पण खटल्यामागे दुष्ट हेतू होता, हे त्यानेच सिद्ध करायचं. मुदत, सुटल्यापासून एक वर्ष. ज्याची पुंजी आधीच्या वकिलाकडे गेली, तो नवा वकील कुठून आणणार?

दुसरा रस्ता उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचा. बिहारचे रुदुल शाह 1968 मध्ये निर्दोष ठरले आणि तुरुंगातून बाहेर आले 1982 मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये राज्याला 30,000 रुपये द्यायला लावले. पुढच्या अशा निकालांना आधार मिळाला तो इथून. शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना 1994 मध्ये अटक झाली होती. त्यांच्यासाठी 50 लाखांचा आदेश यायला 2018 साल उजाडलं.

आपल्याच राज्यातलं उदाहरण भोपाळचं आहे. एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेला एक आदिवासी विद्यार्थी 2008 मध्ये खुनाच्या आरोपात पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली. मे 2022 मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवलं, तपासावर कडक ताशेरे ओढले आणि राज्य सरकारला 42 लाख रुपये द्यायला सांगितलं.

30 हजार, 50 लाख, 42 लाख. हे आकडे कुठल्या मापाने ठरले? असं माप कायद्यात नाही. खंडपीठाला जे योग्य वाटलं, ते.

(दृश्य: कायद्याच्या पुस्तकांचं दुकान.)

सरकारला कायद्यांबाबत सल्ला देणाऱ्या विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल दिला. चुकीच्या खटल्यांची भरपाई ठरवायला विशेष न्यायालयं असावीत, निकाल ठरावीक मुदतीत लागावा, पैशांबरोबर समुपदेशन आणि कामाचं प्रशिक्षणही मिळावं, अशी शिफारस त्यात होती. कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदासुद्धा जोडला होता.

1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. आयोगाच्या मसुद्यातलं भरपाईचं प्रकरण तिच्यात नाही. विनाकारण अटक झालेल्यासाठी कलम 399 आहे. भरपाईची मर्यादा जुन्या संहितेत 2005 च्या दुरुस्तीने शंभरावरून हजारावर नेली होती, ती तशीच ठेवली आहे : जास्तीत जास्त 1,000 रुपये. तेही सरकारने द्यायचे नाहीत, ज्याने पोलिसांकरवी अटक करवली त्याने द्यायचे.