पेटीत मावते एक युनिट

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळा तोंडावर आला की हँडल लावलेल्या बॅटरीच्या पेट्यांची चौकशी वाढते. पॉवर स्टेशन म्हणतात त्यांना. लिथियम बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टर एकाच पेटीत. मुरबाड-शहापूरच्या शेतघरावर न्यायला, नाहीतर घरात वीज गेल्यावर पंखा चालू ठेवायला लोक ती घेतात. पुष्कळांची निराशा होते, कारण घेण्याआधी हिशेब केलेला नसतो. तो आज करू या.

पेटीवर वॉट-अवरचा आकडा शोधा. हजार वॉट-अवर म्हणजे महावितरणच्या बिलावरचं बरोबर एक युनिट. दहा-बारा किलोची पेटी उचलून नेता, तेव्हा एवढीच वीज सोबत असते. काही पेट्यांवर नुसते मिलिअँपिअर-अवर छापतात. ८०,००० वाचून भुलू नका. तो आकडा बहुधा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ३.७ ने गुणा, हजाराने भागा, उरतात २९६ वॉट-अवर.

आता शेतघरावरची एक रात्र धरू. ३० वॉटचे दोन बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे आठ तास, म्हणजे ४८० वॉट-अवर. नऊ वॉटचे तीन एलईडी दिवे पाच तास, १३५. चार मोबाइल, प्रत्येकी वीस, ८०. झाले ६९५. यात एक गोष्ट हमखास विसरली जाते. पेटीवरचं एसीचं, म्हणजे घरच्यासारखी वीज देणाऱ्या सॉकेटचं, बटण चालू असलं की इन्व्हर्टर स्वतःच १० ते २० वॉट खातो, सॉकेटला काहीही लावलेलं नसलं तरी. पंधरा वॉट धरले तर आठ तासांचे १२०. बेरीज ८१५. वीज बदलताना होणारी घट वजा जाता बॅटरीतली साधारण ८५ टक्केच हाती येते, म्हणून ०.८५ ने भागा: ९६० च्या आसपास. हजाराची पेटी कशीबशी पुरली. पंखे जुने, ७५ वॉटचे असतील तर एकट्या पंख्यांनाच १२०० लागतील. म्हणून मोठी पेटी घेण्याआधी पंखे बदला. तो पैसा जास्त कामी येतो. मोबाइलही पेटीच्या यूएसबीवरच लावा, आणि पंखे बंद केलेत की एसीचं बटणही बंद करा.

दुसरा आकडा वॉटचा. पेटी एका वेळी किती भार उचलते, तो हा. गिझर, इस्त्री, इंडक्शन शेगडी यांचा विचारच सोडा. मोटरची गोष्ट वेगळी: एक हॉर्सपॉवरचा पंप सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो आणि पेटी 'ओव्हरलोड' दाखवून बंद पडते. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, तेव्हा इमारतींच्या लिफ्ट आणि पाण्याचे पंपही थांबले. त्यांना सोसायटीचा जनरेटरच हवा. फ्रिजसाठीही घाई नको. दार उघडलं नाही तर तीन-चार तास आतला गारवा टिकतो.

घरी कुणाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं यंत्र, लागत असेल तर नीट ऐका. पाच लिटरचं यंत्र साधारण ३५० वॉट घेतं. हजाराच्या पेटीवर जेमतेम सव्वादोन-अडीच तास चालेल. भरलेला सिलिंडर घरात असायलाच हवा. आणि इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच, म्हणजे घरच्या विजेसारखीच वीज देणारा, घ्या. इतर प्रकारांवर पंखे घरघरतात, मोटर तापतात.

सोलर पॅनेल जोडताना पेट्या जळतात त्या व्होल्टेजने. पॅनेलच्या मागच्या लेबलवर व्हीओसी लिहिलेलं असतं, म्हणजे काहीही जोडलेलं नसताना पॅनेलचं व्होल्टेज. गच्चीवरच्या ५४० वॉटच्या मोठ्या पॅनेलचं ते ४९-५० व्होल्ट भरतं, आणि कित्येक लहान पेट्यांच्या सोलर इनपुटची मर्यादा २८ किंवा ३० व्होल्टच असते. दोन पॅनेल सीरिजमध्ये, म्हणजे एकापुढे एक, जोडली की व्होल्टेजची बेरीज होते. थंडीत व्होल्टेज वाढतं, तेव्हा मर्यादेच्या दहा-पंधरा टक्के खालीच राहा. एप्रिलच्या उन्हात २०० वॉटचं पॅनेल दिवसाला ७०० वॉट-अवर सहज देईल. जुलैच्या ढगांत शंभर-दीडशे मिळाले तरी पुष्कळ. वाशी-ऐरोलीच्या फ्लॅटमध्ये आणखी एक अडचण: गॅलरीच्या ग्रिलची सावली. आतले सेल एका माळेत असल्याने दोन-चार सेलवर सावली पडली तरी पॅनेलची वीज निम्म्यावर येऊ शकते.

आता एक कळकळीची विनंती. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून पेटी घराच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. वीज उलटी लाइनवर जाते आणि दुरुस्तीला खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाऊ शकतो. महावितरणची वीज अचानक परतली तर पेटीही जळते. पेटीवरून एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि उपकरणं थेट त्यावर लावा.

घेताना लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपीची बॅटरी मागा. जड असते, पण दोन-तीन हजार वेळा चार्ज होते आणि उष्णता जास्त सोसते. तरी उन्हात उभ्या गाडीत ती ठेवू नका. ४५ अंशांवर चार्जिंग थांबलेलंच बरं. विमानात मात्र ती चालणार नाही. परवानगी घेऊनही हद्द १६० वॉट-अवरची. वापर नसेल तेव्हा निम्मी भरून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. शून्यावर पडून राहिलेली बॅटरी पुन्हा चार्जच घेत नाही. चार्जिंग दाराच्या वाटेत किंवा गादीजवळ करू नका. पेटी फुगली, गोडसर रसायनाचा वास आला, तर चार्जर काढा, शक्य असेल तर उघड्यावर न्या आणि उघडून बघू नका. भंगारवाल्याला देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्यांच्या सेवा केंद्राला आधी फोन करा. नमस्कार.