भिजलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेला अल्बम

(काळी स्क्रीन, फक्त आवाज)

ऐकू आलं? गाणं अजून सुरू नाही झालेलं. ही गाण्याच्या आधीची सूंऽऽ आहे, कॅसेटची. ज्यांनी दुकानात यादी देऊन कॅसेटी भरून आणल्यात त्यांना काही सांगायला नको, बाकीच्यांनी आवाज जरा वाढवा, कारण पुढची सात-आठ मिनिटं हाच आपला हिरो आहे.

(चालत्या गाडीतून रस्ता, कडेला बर्फ)

हा न्यू जर्सीचा रूट 18. एडिसनहून, म्हणजे जिथे बाकरवडी आणि मेतकूट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं तिथून, दक्षिणेला निघालं की साधारण पाऊण तासात कोल्ट्स नेक येतं. घोड्यांचे फार्म, लाकडी कुंपणं, एकमेकांपासून लांब लांब घरं. सकाळी सातला शूट केलंय, बोटं गारठलेली त्यामुळे कॅमेरा हललाय, तसाच ठेवला. 1982चा जानेवारी सुरू झाला तेव्हा इथल्याच एका भाड्याच्या घरात, बेडरूममध्ये, 32 वर्षांचा अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन खुर्चीत बसून, पुढे ज्यांचा 'नेब्रास्का' नावाचा अल्बम झाला ती गाणी गात होता आणि समोर कोणीच नव्हतं, म्हणजे एक मशीन चालवणारा सोडला तर कोणी नाही. ते घर दाखवत नाहीये, लोकांच्या दारात कॅमेरा घेऊन कशाला उभं राहायचं.

(फ्रीहोल्डचा मुख्य रस्ता)

हे फ्रीहोल्ड, तो लहानाचा मोठा झाला ते गाव, कोल्ट्स नेकच्या अगदी शेजारी. 1980 साली त्याचा 'द रिव्हर' आला, डबल अल्बम, पहिल्यांदाच नंबर एकवर गेला, मग वर्षभर टूर, मोठाले इनडोअर हॉल, आणि 1981च्या सप्टेंबरात ते सगळं संपल्यावर हा माणूस परत गावाशेजारीच येऊन राहिला. बरं, त्याची एक अडचण होती. गाणी स्टुडिओत बसून लिहायची, घासायची, फेकायची, परत लिहायची, आणि स्टुडिओचं मीटर टॅक्सीसारखं चालूच. म्हणून ठरवलं की आधी घरी गाणी कच्ची भरायची, बँडला ऐकवायची, मग पक्कं काम स्टुडिओत. गिटार टेक्निशियन माईक बॅटलनला सांगितलं, घरी चालेल असं काहीतरी मशीन आण.

(मशीन, जवळून)

तर हे ते मशीन. म्हणजे त्याचं नाही, पण तेच मॉडेल, टीॲक 144 पोर्टास्टुडिओ. 1979 साली बाजारात आलं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारं पहिलंच. हे आम्ही सेकंडहँड घेतलं, विकणारा म्हणाला चालू कंडिशन, घरी आणून लावलं तर आत मोटर फिरतेय आणि कॅसेट जागची हलत नाहीये. उघडलं. हा जो काळा चिकट प्रकार माझ्या अंगठ्यावर दिसतोय ना, तो त्याचा रबरी पट्टा आहे, चाळीस वर्षांत वितळून डांबर झालेला. दोन शनिवार कापसाचे बोळे आणि स्पिरिट घेऊन नुसता तो खरवडत होतो, बायको म्हणाली नवीन घे, म्हटलं अगं हे नवीन मिळत नाही हाच तर मुद्दा आहे.

आता ह्याची गंमत बघा. साध्या कॅसेटच्या फितीवर चार बारीक वाटा असतात, दोन ए बाजूच्या, दोन बी बाजूच्या, म्हणून आपण कॅसेट उलटी करून लावायचो. हे मशीन चारही वाटा एकाच दिशेने वापरतं, आणि फीत दुप्पट वेगाने पळवतं म्हणजे आवाज जरा बरा येतो. त्यामुळे उलटी बाजू विसरा. साठ मिनिटांच्या कॅसेटवर मोजून पंधरा मिनिटं बसतात.

(टेबलावर दोन माइक, पेटी, आई)

ही माझी आई. सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलीये. तिला म्हटलं जात्यावरची ओवी म्हण, ती म्हणाली जातं कुठाय? पेटी माझी. एक माइक तिच्यापुढे, एक पेटीपुढे, हे दोन शूअर एसएम 57, तिकडेही हेच दोन होते. पहिल्या ट्रॅकवर पेटी, दुसऱ्यावर तिचा आवाज, एकदम, एका बैठकीत. स्प्रिंगस्टीननेही असंच केलं, गिटार आणि गाणं एकत्र. मग उरले दोन ट्रॅक, त्यावर दुसरा आवाज, माउथऑर्गन, मँडोलिन, जे काय सुचेल ते, आणि संपलं. चुकलं तर चुकलं. चार म्हणजे चारच.

ह्या दोन सुया बघा, आवाज चढला की कशा लाल पट्ट्यात शिरतात. शहाणा माणूस इथे आवाज कमी करतो. 'नेब्रास्का' ऐकताना काही ठिकाणी माउथऑर्गन कानात टोचतो, ते लाल पट्ट्याचंच काम असणार असं मला वाटतं आणि मला ते फार आवडतं.

(जुना बूमबॉक्स)

चार ट्रॅकचे दोन करायला म्हणजे मिक्स करायला दुसरा टेपरेकॉर्डर लागतो. स्प्रिंगस्टीनने एकोप्लेक्स नावाचं प्रतिध्वनीचं यंत्र मध्ये लावलं, त्यातून आवाज काढला आणि भरला कशावर, तर एका पॅनासॉनिकच्या बूमबॉक्सवर जो आधी पाण्यात भिजून बंद पडला होता आणि नंतर कधीतरी आपला आपणच चालू झाला होता. रिकाम्या कार्यालयात वऱ्हाड गेल्यावर कोणी शेवटच्या रांगेतून हाक मारावी तसा आवाज आहे ना पूर्ण अल्बमभर, तो आला ह्या जुगाडातून. करोडोंचा स्टुडिओ घेऊन बसा, नाही येणार.

(बंद कारखान्याचं फाटक)

गाणी कसली होती तर अशी. पहिलं गाणं चार्ल्स स्टार्कवेदरवर, नेब्रास्का राज्यातला एकोणीस वर्षांचा पोरगा, 1957-58मध्ये अकरा खून केलेला, आणि गाण्यात 'मी' म्हणून तोच बोलतो, आवाज न चढवता. 'जॉनी 99'मध्ये माहवाचा मोटारींचा कारखाना बंद पडतो. तो खराच बंद पडला होता, फोर्डचा, 1980मध्ये, न्यू जर्सीतच. गाण्यातल्या माणसाची नोकरी जाते, तो पिऊन एकाला गोळी घालतो, शिक्षा 99 वर्षं. आणि तारीख बघताना एक गोष्ट डोक्यात बसली ती बसलीच, 1982चाच जानेवारी, 18 तारीख, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. ह्याचा त्याचा काही संबंध नाही, त्याला लालबाग माहीत असायचं कारण नाही. पण भोंगा बंद झाल्यावर माणूस घरी येऊन जसा बसतो, तसा हा आवाज बसलेला आहे.

(जीन्सचा खिसा, कॅसेट)

कॅसेट झाली. मग तो ती खिशात घालून फिरायला लागला. कव्हर नाही, काही नाही, जीन्सच्या खिशात, किल्ल्या-बिल्ल्यांबरोबर म्हणा, कित्येक आठवडे. आमच्या घरी असं केलं असतं तर बाबांनी... जाऊ दे. वसंतात मॅनहॅटनच्या पॉवर स्टेशन स्टुडिओत त्याचा अख्खा बँड, ई स्ट्रीट बँड, जमला, हीच गाणी ड्रम, पियानो, इलेक्ट्रिक गिटार लावून वाजवली. वाजवायला ते वस्ताद, पण ह्यातल्या बहुतेक गाण्यांचा जीवच गेला. ती बँडवाली रेकॉर्डिंग 2025मध्ये बाहेर आलीयेत, ऐकली मी, चांगली आहेत, परत लावावीशी नाही वाटली.

शेवटी ठरलं की खिशातली कॅसेटच अल्बम म्हणून काढायची. आणि इथे इंजिनिअर लोकांच्या डोक्याला ताप, कारण कॅसेटवरचा तो आवाज रेकॉर्डच्या तबकडीवर धड उतरेचना. ह्या स्टुडिओत बघ, त्या स्टुडिओत बघ, शेवटी लेव्हल खाली ठेवून कसाबसा कापला.

(एलपीचं कव्हर)

हे कव्हर. डेव्हिड मायकल केनेडीने 1975 साली पिकअप ट्रकच्या काचेतून काढलेला फोटो. सरळ रस्ता, ढग, काचेखाली साठलेलं बर्फ, गायकाचा चेहरा कुठेच नाही. मला आधी वाटलेलं हे न्यू जर्सी आहे, म्हणून तर सकाळी सातचं ते शूट, तसाच शॉट मिळवायला.

30 सप्टेंबर 1982ला अल्बम आला, दहा गाणी, टूर नाही, बिलबोर्डवर तिसऱ्या नंबरपर्यंत गेला, आणि त्याच कॅसेटवर 'बॉर्न इन द यूएसए' नावाचं आणखी एक गाणं होतं ते बाजूला राहिलं, 1984मध्ये तेच त्याच्या सगळ्यात गाजलेल्या अल्बमचं नाव झालं.

(परत टेबल. आई, पेटी, फिरणारी कॅसेट)

हे आमचं शेवटचं टेक. तिसऱ्या ट्रॅकवर आईने स्वतःलाच साथ दिलीये, हेडफोनमधून आपलाच आवाज येतोय म्हणून पहिल्यांदा दचकली आणि मग हसली, ते हसू पण टेपवर आहे, काढलं नाही. चौथा ट्रॅक रिकामाच. घड्याळाच्या काट्याकडे माझं लक्ष नव्हतं. हा खट्टकन आवाज आला तो बटण वर आल्याचा, पंधरा मिनिटं संपली, कॅसेट थांबली.

आईला ते कळलेलं नाही. ती म्हणतेय.