मुकोनोतला एक रविवार

[पहाट. केळीच्या बागांवर धुकं. लाल मातीची वाट. दुरून ढोल ऐकू येतो.]

हा ढोल उपासनेचा आहे. युगांडातल्या कितीतरी खेड्यांत मंडळीला अजूनही ढोल वाजवूनच बोलावतात. पहिला ढोल झाला की माणसं घराबाहेर पडतात. दुसरा होईपर्यंत शेतातल्या पायवाटा भरून जातात.

कंपाला शहराच्या पूर्वेला मुकोनो जिल्हा आहे. तिथल्या एका लहानशा गावात आम्ही अकरा जण मिशनच्या कामासाठी दहा दिवस राहिलो. शाळेच्या दोन खोल्या रंगवल्या, बाकं दुरुस्त केली, मुलांबरोबर गाणी म्हटली. त्या कामाचं चित्रीकरण आमच्याकडे भरपूर आहे. मला दाखवायचा आहे तो शेवटचा रविवार.

[चर्चचं दार. विटांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर.]

दाराशी एक आजी उभ्या होत्या. मला पाहताच त्या गुडघ्यांवर बसल्या आणि माझा हात दोन्ही हातांत घेऊन ख्यालीखुशाली विचारू लागल्या. बुगांडात, म्हणजे युगांडातल्या या भागातल्या जुन्या राज्यात, बायका असंच अभिवादन करतात, हे मी ऐकून होते. पण आपल्या आईहून वडील बाई आपल्यापुढे गुडघे टेकते, तेव्हा ऐकलेलं काही कामी येत नाही. मीही खाली बसले. प्रवास कसा झाला, झोप लागली का, घरचे कसे आहेत? आमचा दुभाषी सांगत होता, मी उत्तरं देत होते. सगळे प्रश्न संपल्यावरच आजी उठल्या आणि मला आपल्या बाकावर घेऊन गेल्या. पुढे पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. माझी खुर्ची रिकामीच राहिली.

आजींच्या अंगावरचा हा पोशाख बघा. याला गोमेसी म्हणतात. पायघोळ, चौकोनी गळ्याचा, खांद्यांवर टोकदार उभ्या बाह्या आणि कमरेला रुंद पट्टा. हे नाव पडलं गोम्स या गोव्याच्या शिंप्यावरून. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गयाझा इथल्या मुलींच्या मिशन शाळेसाठी त्यानं हा पोशाख शिवला, आणि पुढे तो साऱ्या बुगांडाचा झाला.

खेड्यातल्या अशा चर्चची रोजची जबाबदारी बहुधा ले रीडरवर, म्हणजे पाळक नसलेल्या, उपासना चालवणाऱ्या सेवकावर असते. एकेका पाळकाकडे बरीच चर्च असतात, त्यामुळे ते प्रभुभोजनाच्या रविवारी येतात. इथल्या ले रीडरनी आमची ओळख करून दिली ती अशी: "अपोलो जसे काँगोला गेले, तसे हे आपल्याकडे आलेत." मंडळीनं मान डोलावली. मला अपोलो कोण ते माहीत नव्हतं.

नंतर विचारून घेतलं. अपोलो किवेबुलाया हे याच बुगांडातले. ते 1896 साली सुवार्ता घेऊन काँगोतल्या बोगाला गेले, तिथल्या जंगलातल्या लोकांमध्ये राहिले आणि 1933 साली बोगालाच वारले. बुगांडात पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी आले 1877 साली, कॅथॉलिक 1879 साली. मग काबाका, म्हणजे बुगांडाचा राजा, म्वांगा याच्या राज्यात, 1885 ते 1887 या काळात, 45 ख्रिस्ती माणसं विश्वासासाठी मारली गेली. 22 कॅथॉलिक, 23 अँग्लिकन. त्यांत दरबारातले हुजरे होते, कोवळी पोरं. 3 जून 1886 या दिवशी नामुगोंगोला त्यांतल्या कित्येकांना जिवंत जाळलं. आणि त्यानंतर दहाच वर्षांत या मंडळीचा माणूस दुसऱ्यांना सुवार्ता सांगायला निघाला होता. मिशन म्हणजे बाहेरून कुणीतरी यांच्याकडे येणं, असं मी आजवर धरून चालले होते.

[आजींचा हात. पुस्तकाची जीर्ण पानं.]

लुगांडा भाषेत संपूर्ण पवित्र शास्त्र 1896 सालीच छापून झालं. आजींच्या प्रतीची पाठ सुटली होती, ती त्यांनी जाड दोऱ्यानं शिवली होती. लुगांडा रोमन लिपीत लिहितात आणि बरीचशी जशी लिहिली तशीच वाचतात. आजींचं बोट एकेका शब्दाखालून सरकत होतं आणि मी अर्थ न कळता त्यांच्याबरोबर स्तोत्र वाचत होते. उच्चार चुकला की बोट थांबायचं. मी पुन्हा म्हणायचे. बोट पुढे जायचं.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली. "किताफ्फे अली मु ग्गुलु..." मी हळू आवाजात आपली म्हटली, "हे आमच्या स्वर्गातील पित्या..." त्यांची आधी संपली. माझी संपेपर्यंत आजी डोळे मिटून थांबल्या, आणि मग म्हणाल्या, "आमीना."

उपदेश चालू असताना पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळला की ले रीडरचं बोलणं पहिल्या बाकापर्यंतही पोहोचेना. त्यांनी पुस्तक मिटलं. कुणी चुळबुळ केली नाही. मागून एका बाईनं सुरुवात केली, "तुकुतेंदेरेझा येसू." येशू, आम्ही तुझी स्तुती करतो. 1930 च्या दशकात रवांडातल्या गाहिनीपासून पूर्व आफ्रिकेत जे संजीवन, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाच्या जागृतीची लाट, पसरलं, त्याची ही खूण. लुगांडा न येणारी माणसंही हे गीत लुगांडातच म्हणतात. त्या दिवशी आम्हीही म्हटलं. पाऊस ओसरेपर्यंत तेच कडवं पुन्हा पुन्हा चाललं होतं. हे दृश्य मी कापलेलं नाही. पूर्ण ऐका.

[गीत आणि पाऊस. निवेदन नाही.]

मग अर्पण. ज्यांच्याजवळ पैसे होते त्यांनी पैसे टाकले. बाकीच्यांनी शेतातलं आणलं होतं: मातोकेचा, म्हणजे शिजवून खायच्या केळ्यांचा, घड, रताळी, मक्याची कणसं, पाय बांधलेली एक कोंबडी. आजींनी केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली नऊ अंडी नेऊन ठेवली.

आशीर्वादानंतर या वस्तूंचा बाहेर झाडाखाली लिलाव होतो आणि पैसे चर्चला जातात. अंडी आली तेव्हा मी हात वर केला. पाच हजार शिलिंग. माझ्या मनात होतं, या गावासाठी तेवढं तरी करावं. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी सहा म्हटलं. मी आठ म्हटलं. त्यांनी नऊ. मी पुन्हा हात वर करणार, तोच दुभाषी कानाशी म्हणाला, "ताई, थांबा."

मी थांबले. गृहस्थांनी खिशातून घडी घातलेल्या नोटा काढल्या, मोजल्या, त्यांत कमी पडलेली नाणी शेजाऱ्याकडून घेतली. पैसे भरले. अंडी उचलली, सरळ माझ्याकडे आले आणि दोन्ही हातांनी ती माझ्या ओंजळीत ठेवली. आजी टाळ्या वाजवत होत्या.

[परतीचा रस्ता. गाडीच्या खिडकीतून लाल माती. मांडीवर सोपटाची पुरचुंडी.]

कंपालापर्यंत रस्ता खड्ड्यांचा होता. मी पुरचुंडी मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. नऊच्या नऊ शाबूत पोहोचली.