ऑगस्टमधला आकडा

(अ‍ॅन आर्बर परिसरातल्या मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. संघ नव्यानं उभा राहतोय, वेळापत्रक आधीपेक्षा कठीण आहे, तर अपेक्षा किती ठेवायची, असा विषय तुम्ही दिलात. मी त्याचं उत्तर एकाच सीझनमधून देणार आहे. मिशिगन विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा 2024 चा सीझन. पहिल्या सामन्यापासून शेवटच्यापर्यंत मी तो मन लावून पाहिलाय.

7 सप्टेंबर 2024. शनिवार, आणि गणेश चतुर्थी. आमच्याकडे सकाळी आठलाच आरती झाली, कारण दुपारी बाराला टेक्सस विद्यापीठाविरुद्धचा सामना होता. धाकटी मुलगी निळा-पिवळा टीशर्ट घालूनच टाळ वाजवत होती. मोदकांची दुसरी उकड शेगडीवर ठेवून आम्ही निघालो. दुपारी बाहेर पडलो तेव्हा फलकावर 31-12 होतं, टेक्ससच्या बाजूनं. गर्दीत माझ्या पुढचा एक गृहस्थ मुलाला म्हणाला, संपला आपला सीझन. तो दुसराच सामना होता. जेमतेम आठ महिन्यांपूर्वी, 8 जानेवारीला, ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला 34-13 हरवून हाच संघ पंधरापैकी पंधरा सामने जिंकलेला राष्ट्रीय विजेता झाला होता.

'हाच संघ' असं आपण म्हणतो, तिथेच गणित चुकतं. जर्सी तीच होती, आतली माणसं गेली होती. मुख्य कोच जिम हारबॉ जानेवारी संपता संपता एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, चार्जर्स संघाकडे गेले, बचावाची आखणी करणारे जेसी मिंटरही त्यांच्यापाठोपाठ गेले. एनएफएलचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्या ड्राफ्टमध्ये एकट्या मिशिगनचे 13 खेळाडू निवडले गेले. त्यात क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जे. जे. मकार्थी होता, चेंडू घेऊन पळणारा ब्लेक कोरम होता. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये खेळाडूला मोजकी वर्षं मिळतात, कितीही लाडका असला तरी त्याला धरून ठेवता येत नाही. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं नुकसान मात्र वेगळंच होतं. क्वार्टरबॅकच्या पुढे उभे राहणारे आक्रमणाच्या फळीतले पाचही जण एकदमच गेले.

या पाच जणांबद्दल थोडं बोलू द्या, कारण टीव्हीवर ते कुणाला दिसत नाहीत. त्यांच्या हातात चेंडू जवळजवळ कधीच येत नाही. समोरच्याला अडवणं आणि मागच्यासाठी वाट मोकळी करणं, एवढंच त्यांचं काम. पण ते काम पाच जणांनी एका श्वासात करायचं असतं. शेजारचा कुठल्या पायावर वळणार, समोरचे दोघे जागा बदलून आले तर कुणी कुणाला घ्यायचं, हे ओरडून सांगायला वेळच नसतो. ते शेकडो वेळा एकत्र करूनच अंगात भिनतं. ताकद व्यायामशाळेत कमावता येते, ही ओळख तिथे मिळत नाही. म्हणून नव्या फळीला सप्टेंबरमध्ये नावं ठेवणाऱ्यांचं मला वाईट वाटतं.

आता वेळापत्रक. 2023 मध्ये पहिले तीन सामने ईस्ट कॅरोलायना, यूएनएलव्ही आणि बोलिंग ग्रीन यांच्याशी होते, तिन्ही घरच्या मैदानावर. संघाला बस्तान बसवायला तीन आठवडे मिळाले. 2024 मध्ये दुसऱ्याच आठवड्यात टेक्सस. शिवाय त्याच वर्षी बिग टेन, म्हणजे आपण ज्या विद्यापीठांच्या गटात खेळतो तो गट, चौदाचा अठरा संघांचा झाला. पॅसिफिक किनाऱ्यावरून यूएससी, यूसीएलए, ऑरेगन आणि वॉशिंग्टन आले. त्यातले तीन आपल्या वाट्याला आले, वॉशिंग्टनचा सामना तर तीन तासांच्या वेळेच्या फरकावर, सिएटलमध्ये. आणि शेवटी ओहायो स्टेट, त्यांच्या अंगणात.

इतकं समोर दिसत असूनही एपी या वृत्तसंस्थेच्या ऑगस्टमधल्या सीझनपूर्व यादीत मिशिगन नवव्या क्रमांकावर होतं. आम्ही मित्रांनीही कागदावर खुणा केल्या होत्या. इंडियाना आणि इलिनॉय यांच्यापुढे सगळ्यांनी 'जिंकलो' लिहिलं. का नाही लिहिणार? 2023 मध्ये इंडियानानं बारापैकी तीन सामने जिंकले होते, इलिनॉयनं पाच. मग इंडियानात कर्ट सिग्नेटी कोच म्हणून आले आणि तो संघ 2024 मध्ये अकरा सामने जिंकला, इलिनॉय दहा. आपण इलिनॉयकडून 21-7 हरलो, इंडियानाकडून 20-15. वेळापत्रक किती कठीण आहे हे ऑगस्टमध्ये कुणालाच कळत नसतं. मोठ्या नावांकडे बघून आपण घाबरतो आणि घाव भलतीकडूनच बसतो. म्हणून ऑगस्टमधला आकडा मला संघाबद्दल फारसं काही सांगत नाही. तो गेल्या वर्षीच्या आठवणीतून काढलेला असतो.

मग बघायचं काय? 21 सप्टेंबरचा यूएससीविरुद्धचा सामना घ्या. आपल्या संघानं चेंडू फेकून अख्ख्या सामन्यात फक्त 32 यार्ड मिळवले. हा संघ पळूनच पुढे सरकणार, हे यूएससीला आणि स्टेडियमातल्या लाखाच्या वर लोकांना ठाऊक होतं. तरी शेवटच्या काही मिनिटांत पिछाडीवर असताना आपला केलेल मलिंग्ज चेंडू घेऊन 63 यार्ड पळत सुटला. मग गोलरेषेपासून एका यार्डावर चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न उरला आणि घड्याळात मिनिटही नव्हतं. पुन्हा मलिंग्ज, पुन्हा तीच फळी, आणि टचडाउन. 27-24. दोन आठवड्यांपूर्वी टेक्ससपुढे उडालेली हीच मुलं होती. मी त्या दिवशी घरी येऊन म्हटलं, यांचं काहीतरी जमू लागलंय.

क्वार्टरबॅकचं जमत नव्हतं. डेव्हिस वॉरेननं पहिल्या तीन सामन्यांत सहा वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात दिला. मग अ‍ॅलेक्स ऑर्जी, मग जॅक टटल, आणि फिरून पुन्हा वॉरेन. हा मुलगा शाळेत असताना रक्ताच्या कर्करोगातून उठलेला, मिशिगनला शिष्यवृत्तीशिवाय आलेला. त्याला संघाबाहेर बाकावर बसवलं तेव्हा आपल्यातल्याच काहींनी जे शब्द वापरले ते मी इथे उच्चारणार नाही. विशी-बाविशीची मुलं आहेत ही. चुकीवर जरूर बोला, पण ती चूक पुन्हा होतेय का, ते नोव्हेंबरपर्यंत थांबून बघा.

दिवाळीच्या पाडव्याला ऑरेगननं 38-17 हरवलं. नंतर इंडियाना. 30 नोव्हेंबरला कोलंबसला गेलो तेव्हा नावावर सहा विजय आणि पाच पराभव होते. समोर देशात दुसऱ्या क्रमांकाचा ओहायो स्टेट. विल जॉन्सन आणि कोल्स्टन लव्हलंड हे आपले दोन मोहरे खेळणारच नव्हते. वॉरेननं दिवसभरात 62 यार्ड फेकले, एवढेच. पण 10-10 असताना शेवटच्या चालीत मलिंग्जला वाट मिळाली आणि तो 27 यार्ड गेला. घड्याळात 45 सेकंद उरलेले असताना डॉमिनिक झ्वाडानं 21 यार्डांवरून लाथेनं चेंडू गोलखांबांमधून मारला. 13-10. त्या वर्षीचा राष्ट्रीय विजेता पुढे ओहायो स्टेटच झाला, यावरून त्या दुपारची किंमत समजा. वर्षअखेरीस टँपात अलाबामाला 19-13 हरवून हिशेब आठ-पाचवर थांबला.

तेव्हा कुणी मला विचारलं की अशा संघाकडून किती विजय धरायचे, तर मी सात किंवा आठ म्हणतो, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. तुम्हाला मात्र एक काम सांगतो. पुढच्या सामन्याला पहिल्या दोन चालींत चेंडूकडे बघू नका. 50 ते 79 या आकड्यांच्या जर्सी घातलेले पाच जण शोधा आणि फक्त त्यांचे पाय बघा, एकदम हलतात का. मुलांना सोबत घेऊन बसा, त्यांना ते आपल्याआधी दिसतं. आता प्रश्न असतील तर विचारा.