‘दोन फटके द्या’ म्हणणाऱ्या पालकांसाठी

नमस्कार श्रोतेहो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की फाटकाशी एक वाक्य हमखास ऐकू येतं. वडील मुलाचा दंड धरून वर्गशिक्षकांपुढे उभे असतात आणि म्हणतात, “सर, पोरगं तुमच्या ताब्यात दिलंय. चुकलं तर दोन फटके द्या, आमची काही तक्रार नाही.”

आमच्या गावातल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मी पालक म्हणून काम करते. हे वाक्य तिथेही वारंवार येतं, आणि ते बोलणाऱ्यांना मी निर्दयी मानत नाही. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेला बाप, पहाटेच भांगलणीला जाणारी आई, यांना मुलाच्या अभ्यासाशेजारी बसायला वेळ मिळत नाही. आपण घरी नसताना पोर वाया जाईल, ही भीती त्यांना रात्रंदिवस खाते. निदान शाळेत तरी कुणाचा धाक असू दे, एवढंच त्यांचं मागणं असतं. ही काळजी खरी आहे.

पण मुलाला मारायची परवानगी देण्याचा अधिकार आपल्याला नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला मनाई आहे. असं करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. पालकांची हरकत नसेल तर चालेल, अशी सवलत त्या कलमात नाही. त्याआधी, डिसेंबर २००० मध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांना छडी मारण्याची मुभा देणारा नियम रद्द केला होता.

कलमातला मानसिक छळाचा भाग आपण पालक फार हलका घेतो. वळ दिसला की आई शाळेत धावत येते. पण “तुझ्या घरात कोण शिकलंय?” असं चारचौघांत ऐकून आलेलं मूल घरी काही बोलत नाही. बापाच्या धंद्यावरून, जातीवरून, रंगावरून मारलेला टोमणा, ‘ढ’ म्हणून शेवटच्या बाकावर बसवणं, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं करणं, यांचे वळ उठत नाहीत. फी भरायची जबाबदारी आईवडिलांची. मग बाहेर उभं राहायला मूल का?

दुसऱ्या बाजूचे पालकही मी पाहिले आहेत. बाईंनी वहीवर शेरा मारला म्हणून भरल्या वर्गात शिरून बाईंना दम देणारे. पुढच्या वर्षी त्या बाई शेरा मारत नाहीत, हाकही मारत नाहीत. मूल काय करतंय तिकडे त्या बघेनाशा होतात. “आता काही बोलायची सोयच राहिली नाही,” असं शिक्षक म्हणतात तेव्हा त्यात तथ्य असतं. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक, हे प्रमाण कायद्याने ठरवलं आहे. पण कित्येक हायस्कुलांत एका तुकडीत साठ-सत्तर मुलं कोंबलेली असतात. त्यात सर्वेक्षणं, मतदार याद्या, ऑनलाइन माहिती भरणं. कायद्याने छडी काढून घेतली हे योग्यच झालं. पण छडीच्या जागी काय करायचं, हे कुणी शिक्षकांजवळ बसून सांगितलं नाही, आणि आपण पालकांनीही ते कधी विचारलं नाही.

आमच्या समितीत एकदा आम्ही नुसतं एवढंच पाहायला बसलो की मुलांना शिक्षा कशाकशासाठी होते. उशीर, गृहपाठ नाही, गणवेश अपुरा, केस वाढलेले. यातल्या पुष्कळ गोष्टींची मुळं घरात किंवा रस्त्यावर निघाली. वाडीवरून येणाऱ्या मुलांची एसटी उशिरा सुटते. त्या मुलांना अंगठे धरून उभं केलं, तर एसटी काही वेळेवर येत नाही, आणि पहिल्या तासाचं गणित मात्र बुडतं. मोठ्या बहिणीला सकाळी धाकट्याला सांभाळावं लागतं, तिचा गृहपाठ राहतो.

इथे मला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. १९४५ साली पालघरच्या बाजूला, त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डीला त्यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं चारायला जात. या बायकांनी मुलांना गैरहजेरीची शिक्षा केली नाही. गुरं जिथे चरत तिथेच त्यांनी कुरणशाळा भरवली. मूल चुकलं असं दिसताच आधी त्याचं कारण शोधायचं, हे आपल्याच मातीत कधीचं करून दाखवलेलं आहे.

कारण शोधूनही जिथे कठोर व्हावंच लागतं, अशाही गोष्टी आहेत. लहानांना मारणं, मुलींची छेड काढणं, मोबाइलवर कुणाचे फोटो फिरवणं. आमच्याकडे सातवीतला एक मुलगा चौथीतल्या मुलाकडून रोज खाऊचे पैसे काढून घ्यायचा. पूर्वी असतं तर दोन छड्या बसल्या असत्या आणि प्रकरण मिटलं म्हणून सगळे आपापल्या कामाला लागले असते. घरी जायच्या वाटेवर मात्र धाकटा पुन्हा त्याच्याच तावडीत. या वेळी मुख्याध्यापकांनी दोन्ही घरच्यांना वेगवेगळं बोलावलं. थोरल्याने आपण काय केलं ते वडिलांसमोर स्वतःच्या तोंडाने सांगितलं. घेतलेले पैसे परत केले. महिनाभर मधल्या सुट्टीत तो वर्गशिक्षकांच्या नजरेसमोर राहिला आणि दर शनिवारी ते त्याच्याशी बोलत राहिले.

काही पालक बैठकीत म्हणाले, “एवढ्या भानगडीपेक्षा एक कानाखाली दिली असती तर बरं.” खरंच, यात वेळ फार गेला, सरांचा आणि पालकांचाही. पण धाकट्याच्या आईने त्या बैठकीत विचारलं, “उद्या परत असं झालं, तर माझ्या पोरानं कुणाला सांगायचं?” या प्रश्नाला आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं. शिस्त कडक असावी की सैल, यावर आम्ही तासन्‌तास वाद घातले होते. तक्रार कुणाकडे न्यायची, पहिल्या चुकीला काय, तीच चूक पुन्हा झाली तर काय, घरी कधी कळवायचं, हे मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही ते एका पानावर लिहायला घेतलं.

म्हणून श्रोतेहो, येत्या पालकसभेत आपल्या शाळेला हेच विचारा. सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्यानुसार किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. तेव्हा बोलायचा हक्क आपल्याला आहे. “उद्या पालकांना घेऊन ये” हा निरोपही जरा तपासून घ्या. हातावर पोट असलेल्या बापाचा त्यात दिवसाचा रोज बुडतो, तो संतापूनच शाळेत येतो आणि पुष्कळदा सरांसमोरच मुलाच्या पाठीत धपाटा घालतो. संध्याकाळची वेळ ठेवली किंवा फोनवर बोललं, तर हे टळतं.

“दाखला हातात देईन” या धमकीला घाबरू नका. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईतो मुलाला शाळेतून काढता येत नाही. मुलाला मारहाण झाली असेल तर त्याला आधी जवळ बसवून सगळं ऐकून घ्या, मग मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद किंवा नगरपालिका-महापालिकेकडे, केलेल्या लेखी तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लावावा, असं कायद्याचं कलम ३२ सांगतं. त्यावरचं अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे करता येतं. आणि मूल संकटात असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक कोणत्याही वेळी लावता येतो. मुलांनाही तो पाठ करून द्या.

नमस्कार.