दगडातल्या माशाचे काप

[ससून डॉक. लिलाव उरकलाय.]

निवेदन: मावशींचा कोयता खाली येतो आणि सुरमईची तुकडी बाजूला पडते. छातीजवळचा पर त्यांनी आपल्यासाठी फाकवून धरलाय. नुसत्या काड्या, मध्ये ताणलेला पडदा. बुडाशी हाडं आहेत, पण बारीक आणि अंगातच दडलेली. बांगडा घ्या नाहीतर रावस, पराची रचना हीच.

[महाविद्यालयाची प्रयोगशाळा. कपाटातून प्लास्टरची प्रतिकृती निघते.]

हा युस्थेनॉप्टेरॉन, दगडात जीवाश्म होऊन राहिलेला मासा. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा, कॅनडाच्या क्वेबेकमधल्या मिग्वाशाच्या खडकांत सापडलेला. १८८१ मध्ये जीवाश्मतज्ज्ञ व्हाइटीव्ह्ज यांनी त्याचं वर्णन केलं. शेपूट तीन टोकांचं. पराला मांसल दांडा, आणि त्यात आधी एक हाड, मग दोन. आपल्या दंडात आणि कोपराखाली असतात तीच! बोटं मात्र नाहीत, पुढे परत काड्याच.

[कवटी जवळून.]

डोक्याच्या आत काय होतं, हे शोधायला स्वीडनचे जीवाश्मतज्ज्ञ एरिक यार्विक यांनी दगडातली कवटी चक्क घासायला घेतली. एक पातळ थर घासायचा, उघड्या पडलेल्या भागाची नोंद करायची, मग पुढचा थर. त्या नोंदीबरहुकूम मेणाचे पत्रे कापायचे, एकावर एक रचायचे. वर्षानुवर्षं हेच. मूळ कवटीचा भुगा झाला आणि तिच्याहून कितीतरी मोठी मेणाची कवटी उभी राहिली. मावशींच्या तुकड्या निदान परत जुळवता येतात.

पण त्या मेणात सगळं दिसलं. नाकातून थेट टाळूत उघडणारी वाट, मधोमध सांधा असलेली मेंदूपेटी. हल्ली दगडाला धक्का न लावता क्ष-किरणांनी स्कॅन होतो. सोय मोठीच आहे. तरी ही वाट बोटाने चाचपल्यावर जशी कळते, तशी स्क्रीनवर कळते का, याची आम्हाला शंका आहे.

[पाठ्यपुस्तकाचं पान.]

जुन्या पुस्तकांत हा मासा रिपिडिस्टिया या मांसल पराच्या माशांच्या गटात. यार्विक तर बेडूक हे माशांच्या एका गटातून आले आणि सॅलमँडर, म्हणजे शेपटीवाले उभयचर, दुसऱ्यातून, असं शेवटपर्यंत म्हणत राहिले. ते टिकलं नाही. आता हा मासा ट्रायस्टिकॉप्टेरिड कुळात, टेट्रापोडोमॉर्फा शाखेत. सीलाकँथ आणि फुफ्फुसमासा या आजही जिवंत असलेल्या मांसल पराच्या दोन्ही माशांपेक्षा आपल्या जवळचा. चार पायांचे सगळे प्राणी याच शाखेतले.

[प्रतिकृतीखालची चिठ्ठी.]

चिठ्ठीवर अजून रिपिडिस्टियाच आहे. प्रयोगशाळेचं नूतनीकरण होणार आहे. नव्या आराखड्यात हे कपाट नाही.