नर्सिंग होमचा प्रशासक: परवाना कुणाला, शिक्षण कुठलं?

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात धंतोली किंवा रामदासपेठेच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून वर बघा, पाट्याच पाट्या दिसतील. खाली औषधाचं दुकान, पहिल्या मजल्यावर ओपीडी, त्याच्या वर बारा-पंधरा खाटा. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, पलीकडून बालाघाट आणि छिंदवाडा, सगळीकडचे पेशंट इथं येतात. पाटीवर डॉक्टरांचं नाव आणि डिग्र्या असतात. पण रात्री दोनला लिफ्ट अडकली किंवा आयाबाई न सांगता घरी निघून गेली, तर ज्याचा फोन वाजतो त्याचं नाव कुठल्याच पाटीवर नसतं. त्याला कुणी मॅनेजर म्हणतं, कुणी ॲडमिन. हे काम करायचं तर शिकायचं काय आणि लायसन्स लागतं का, असं विचारणारी मुलं-मुली मला नेहमी भेटतात. आजचं बोलणं त्यांच्यासाठी.

लायसन्सचं उत्तर सोपं आहे. आपल्याकडे या माणसाला वेगळा परवाना नाही. नोंदणी होते ती नर्सिंग होमची, महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम, 1949 या कायद्याखाली. नागपूर शहरात ती महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे होते आणि दर तीन वर्षांनी तिचं नूतनीकरण करावं लागतं. कायदा बघतो ते जागा, खाटा, पात्र डॉक्टर, पात्र नर्सेस आहेत की नाही. हिशेब, माणसं, कंत्राटं आणि कागद सांभाळणारा कोण, त्याचं शिक्षण किती, हे तो विचारत नाही. म्हणून या खुर्चीत कुठे डॉक्टरांचा मेहुणा बसलेला दिसतो, कुठे जुना कंपाउंडर, तर कुठे एमबीए केलेली मुलगी. खरं सांगायचं तर यांतला जुना कंपाउंडर बऱ्याचदा सगळ्यांत तयारीचा निघतो.

अमेरिकेत असं चालत नाही. तिथं नर्सिंग होम म्हणजे म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसांना महिनोन्‌महिने ठेवून सांभाळणारी संस्था. 1967 मध्ये तिथल्या सोशल सिक्युरिटी कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक राज्यानं अशा संस्थेच्या प्रशासकाला परवाना देण्याची व्यवस्था करावी, असं ठरलं. परवाना राज्य देतं, त्यामुळे अटी राज्यागणिक बदलतात. पण वाट साधारण एकच. आधी पदवी. मग अनुभवी प्रशासकाच्या हाताखाली शिकाऊ म्हणून काम, अनेक राज्यांत एक हजार तासांच्या घरात. त्यानंतर नॅब या परवाना मंडळांच्या संघटनेची देशभर चालणारी परीक्षा, आणि वर राज्याच्या कायद्याचा पेपर. परवाना मिळाल्यावरही ठरावीक तासांचं शिक्षण चालू ठेवावं लागतं, नाहीतर नूतनीकरण अडतं. आपल्याकडून नर्सिंग शिकून तिकडे गेलेल्या मुलींनी हे ध्यानात ठेवावं: नर्स म्हणून मिळालेल्या परवान्यावर प्रशासकाची खुर्ची मिळत नाही, तो परवाना वेगळा.

मला त्या परीक्षेपेक्षा ते शिकाऊ तास मोलाचे वाटतात. आपल्याकडे ते सक्तीचे नाहीत, म्हणून कुणी करत नाही. तुम्ही मात्र करा.

काय शिकायचं त्या तासांत? आधी तारखा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला घ्यावा लागतो. लोक त्याला फॉर्म बी म्हणतात. दाखला फाइलला लागतो आणि मागच्या जिन्यात जुन्या गाद्या, मोडके सलाइन स्टँड रचलेलेच राहतात. भंडारा इथून तासा-दीड तासावर. तिथल्या जिल्हा रुग्णालयात 9 जानेवारी 2021 ला मध्यरात्रीनंतर नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. म्हणून रुजू झाल्या दिवशी आधी मागचा जिना चढून बघा, फाइल नंतर.

सोनोग्राफी मशीन असेल तर गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याप्रमाणे प्रत्येक गरोदर बाईच्या तपासणीला एफ फॉर्म, आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या पाच तारखेच्या आत. यातल्या चुका कारकुनी म्हणून सोडता येणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये स्पष्ट केलं. एक रकाना रिकामा राहिला तरी मशीनला सील लागू शकतं.

कचऱ्याचं तसंच. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्तानं भरलेला कापूस पिवळ्या पिशवीत, सलाइनचा सेट नि हातमोजे लाल पिशवीत, सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, काच निळ्यात. रक्तानं भरलेला किंवा शरीराच्या भागांचा कचरा अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त साठवायचा नाही. आपल्या मे महिन्यात तर अठ्ठेचाळीस तासही फार होतात. वॉर्डात उभं राहून मावशींसोबत आठवडाभर हे काम केलं, तर पिशवी चुकते कुठे ते कळतं. बहुतेक ती रात्रपाळीत चुकते, कारण लाल पिशव्या संपलेल्या असतात आणि स्टोअरची किल्ली घरी गेलेली असते.

आणि सगळ्यांत अवघड जागा म्हणजे डिस्चार्जची खिडकी. सकाळी अकराला डॉक्टर सांगून जातात, "आज सुट्टी." पेशंटची बायको पिशव्या बांधून बाकड्यावर बसते. औषधांचा हिशेब यायचा, लॅबचा यायचा, इन्शुरन्सची मंजुरी यायची. चार वाजतात. भाऊ खिडकीशी येऊन म्हणतो, "काहून थांबवून राहिले जी आमाले? गडचिरोलीची बस गेली तं मंग?" त्याचं बरोबरच असतं. याला तोडगा आहे. सुट्टीचा अंदाज आदल्या संध्याकाळी घ्यायचा आणि बिल रात्रीच अर्धं तयार करायचं. कोर्समध्ये हे एका ओळीत असेल, शिकायला मिळतं ते त्या खिडकीवरच.

याच खिडकीवर नर्सिंग होम नोंदणीच्या 2021 च्या सुधारित नियमांची परीक्षा होते. रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह अडवायचा नाही. मालक कितीही चिडला तरी हे त्याला सांगायचं काम तुमचंच.

शिक्षणाचं म्हणाल, तर पदवी कुठलीही चालते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची पदव्युत्तर पदवी आहे, डॉक्टरांसाठी काही मेडिकल कॉलेजांत याच विषयात एम.डी. आहे, आणि डिप्लोमे तर गल्लोगल्ली आहेत. डिप्लोमा घेण्याआधी एकच चौकशी करा: इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात, किती महिने, आणि रात्रपाळी मिळणार का. नुसती पुस्तकं आणि प्रोजेक्ट रिपोर्ट असेल, तर फी वाचवा आणि ते महिने एखाद्या ओळखीच्या नर्सिंग होमच्या बिलिंगवर काढा.

नोकरीच्या मुलाखतीला गेलात की पगाराआधी तीन कागद मागा: नर्सिंग होमचं नोंदणी प्रमाणपत्र, शेवटचा फॉर्म बी आणि या आठवड्याचा नर्सेसचा ड्युटी चार्ट. चार्टवर रात्री एकच नाव असेल, किंवा कागद "सीएकडे आहेत" असं उत्तर आलं, तर चहा पिऊन निघा. धंतोलीत पुढची पाटी दहा पावलांवर असते.